उजव्या हाताचं भाडं

जबलपूर, १२ नोव्हेंबर १९३८

दिवाकरभाऊजी,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, शोधू नका. आशीर्वाद द्यायला मन होत नाही, आणि शिव्या लिहायला माझ्या मास्तर बापानं मला अक्षर शिकवलं नव्हतं. तेव्हा दोन्हींच्या मधलं काहीतरी समजून घ्या. तुमचा नागपूरचा पत्ता शेजारच्या इंदूकडून काढला. सख्ख्या भावाला चार ओळी नाहीत आणि बेबीताईंच्या पोरीला पाकीट येतं, यातच सगळं आलं.

तुमच्या दादांचा हात बसला नाही. शहपुऱ्याहून हाडवैद्य आणला, त्यानं लेप लावून कामट्या बांधल्या आणि शेजारच्या बायकांसमोर छाती ठोकून सांगितलं की दिवाळीला नवा हात देतो. दिवाळीला कामट्या सोडल्या तर कोपर वाकडंच. घास तोंडापर्यंत पोहोचतो, पण घण खांद्यापर्यंत जात नाही. लोहारशाळेत घण मारणाऱ्याला असला हात काय कामाचा? मालकानं गोड शब्दांत सांगितलं, बरं वाटलं की या. म्हणजे येऊ नका.

मी त्या दिवशी ओट्यावर बायकांत उभी होते, हे विसरू नका. दसऱ्याच्या मिरवणुकीत आपल्या आखाड्याची पाळी आली, तुम्ही दोघे भाऊ लाठी खेळलात, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खेळ संपला. दोघांनी लाठ्या जमिनीला टेकवून सलामी दिली. त्यावर तुमच्या दादांनी वाकून तुमच्या कानात इंदूबद्दल जे म्हटलं, ते म्हणण्यासारखं नव्हतं, आणि त्यांचा आवाज कानात मावणारा नाही. मीही ऐकलं. तिला सून करून घेणार नाही एवढं म्हणून थांबले असते तर चाललं असतं. ते थांबले नाहीत. पण बोलण्याला बोलून उत्तर द्यायचं असतं, भाऊजी. सलामी झाल्यावर लाठी उचलायची नसते, हे तुम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. ढोल थांबले होते म्हणून हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

तुम्ही पळालात. पुढचं तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. ठाणेदार आला तेव्हा हे ओठ चावत म्हणाले, "खेल में हो गया साहब, किसी का कसूर नहीं." असा माणूस आहे. मग घरी येऊन त्यांनी तुमचं ताट विहिरीत फेकलं.

आता मुद्द्याचं. खोलीचं भाडं थकलं आहे. आपल्या बाड्याचे मालक भय्यासाहेब, भोसल्यांच्या घोडदळाबरोबर आलेलं घराणं, सुपारी कातरल्याशिवाय बोलत नाहीत. मला बोलावून म्हणाले, "सत्यभामाबाई, आम्ही कोणालाही घराबाहेर काढत नाही. आमच्या घराण्यात ती रीत नाही. आम्ही फक्त कवाड काढून आणतो. भाडं द्यावं, कवाड घेऊन जावं." त्यांच्या अंगणात अशी कवाडं भिंतीला टेकून उभी आहेत, तुम्ही पाहिली आहेत. कवाड नसलेल्या खोलीत बाईमाणूस किती दिवस काढेल, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

हात तुम्ही मोडलात. त्या हाताचं भाडं तुम्ही भरा. ही विनवणी नाही.

सत्यभामा

जबलपूर, २० डिसेंबर १९३८

भाऊजी,

तुमची मनीऑर्डर आली होती. आली होती म्हणते, कारण ती परत गेली. पोस्टमननं अंगणात तुमचं नाव घेतलं आणि तुमच्या दादांनी आतूनच सांगितलं, "तो कोणी नाही लागत आमचा. वापस कर." मी पोस्टमनच्या मागे कोपऱ्यापर्यंत धावले. तो म्हणाला, "भौजी, नाव त्यांचं आहे, सही त्यांचीच लागते." पुढच्या वेळी बेबीताईंच्या नावे पाठवा. मी वचन देते की पैसा खोलीपलीकडे कुठं जाणार नाही.

पण आता उशीर झाला. कवाड गेलं. भय्यासाहेबांची चार माणसं सकाळी आली. हे चौकटीत आडवे उभे राहिले, एका हाताने. त्यांनी वाकडा हातच धरला आणि पिळला. इतका मोठा माणूस जमिनीवर बसला, भाऊजी, आणि आता त्या हातानं घासही तोंडापर्यंत जात नाही. मी एकाच्या मनगटाचा चावा घेतला, तोंडात रक्त आलं, त्यानं मला चुलीवर ढकललं. मग त्यांनी कवाड उचललं आणि उंबरठा ओलांडताना पायातले जोडे काढले. म्हणजे रीत पाळली. लग्न होऊन आले तेव्हा मी हळदीचे हात उमटवले होते ना त्यावर, ते रस्त्याने जाताना सगळ्यांना दिसले.

आता चौकटीला गोधडी टांगली आहे. नर्मदेकडून वारा सुटला की ती आत उडते. कुत्री येतात. एकदा संध्याकाळी एक दारुडा सरळ आत येऊन बसला, आपलंच घर समजून. त्याला मी मुसळानं घालवलं. तेव्हापासून मुसळ उशाशी असतं.

माझा डोळा निळा झाला आहे. बेबीताईंना सांगितलं, चौकटीवर आपटले. त्यांनी चौकटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळद उगाळून आणली. त्या माउलीला कवाड नसलेल्या चौकटीवर कोणी कसं आपटेल, हे विचारायचं सुचलं नसेल असं नाही. तुमच्या दादांना मी इतकंच म्हटलं होतं की भावाचा पैसा ठेवून घेतला असता तर काय बिघडलं असतं. तो हात डावा होता. डाव्यातही पुष्कळ जोर आहे, एवढं कळलं.

पैसे पाठवा.

सत्यभामा

जबलपूर, १६ जानेवारी १९३९

भाऊजी,

चांगली बातमी आहे, तेव्हा आज आशीर्वाद घ्या. कवाड परत आलं. भाडं माफ झालं, मागचंही आणि पुढचंही. तुमच्या दादांना काम मिळालं. आता तुम्ही पैसे पाठवायची गरज नाही, तुमचा तुम्ही संसार बघा.

हे रोज आखाड्यात जातात. निंबाला पोतं टांगून डाव्या हाताने लाठी चालवतात. सुरुवातीला लाठी सुटून पडायची, मुलं हसायची. मीच बळ दिलं. रोज सकाळी डाव्या हाताला तिळाचं तेल चोळून दिलं. म्हटलं, देवानं दुसरा हात दिला आहे तो उगाच नाही दिला. महिन्याभरात पोतं फाटलं.

संक्रांतीला तिळगूळ केला. इकडे तीळ स्वस्त आहे. पुष्कळ उरला आहे, पाठवते.

उरला काहून, हे तुम्ही विचारणारच. हळदीकुंकवाला कोणी आलं नाही. मी नऊवारी नेसून, वाण मांडून दारात बसले. बाड्यातल्या बायका माझ्या दारावरून पलीकडे गेल्या, कवाडाकडे बघत गेल्या. बेबीताईंनी इंदूला पाठवलं. ती उभ्याउभ्या हळद लावून घेऊन म्हणाली, "वहिनी, आई म्हणून राहिली, वाण नको. राग नाही, पण नको."

तुमच्यापासून काय लपवू. कागद माझा आहे, शाई माझी आहे, लपवून तरी कुठं ठेवणार? भय्यासाहेबांनी यांना बोलावून नेलं. सुपारी कातरत म्हणाले, "अंबादास, उजवा गेला, डावा आहे ना? वसुलीला असा माणूस पाहिजे ज्याला बाडा ओळखतो. खोली तुझी, कवाड तुझं." आता कवाडं काढायला हे जातात. ज्यांनी यांचा हात पिळला, तेच चौघे आता यांच्या मागे उभे असतात आणि यांना उस्ताद म्हणतात.

टांगेवाला शालिग्राम तुम्हाला आठवतो. तुम्हाला लहानपणी फुकट ग्वारीघाटाला न्यायचा. घोडं मेल्यापासून त्याचं भाडं थकलं होतं. परवा तो कवाडाला पाठ लावून बसला आणि म्हणाला, "अंबादासभैया, तुम भी?" यांनी लाठीचं टोक त्याच्या तोंडावर मारलं. दात मी माझ्या डोळ्यांनी मातीत पाहिले. संध्याकाळी घरी येऊन हे जेवले, दोनदा भात मागून घेतला. मी वाढला.

तिळगूळ पाठवते. गोड बोलायला सांगत नाही.

तुमची वहिनी

जबलपूर, २२ फेब्रुवारी १९३९

भाऊजी,

हे पत्र मिळताच निघा. पैसे नकोत. तुम्ही या.

इकडे त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरणार आहे. शहरभर झेंडे, स्वयंसेवक, खादीच्या टोप्या. आपल्याला आनंदच आहे. पण भय्यासाहेबांना वेगळाच आनंद झाला आहे. बाहेरून इतके लोक येणार की आठवड्याला एका खोलीचे वर्षाचे पैसे मिळतील, असं ते सगळ्यांना मोकळेपणानं सांगतात. म्हणून बाडा रिकामा पाहिजे. ज्यांचं भाडं थकलं त्यांची कवाडं गेलीच. ज्यांचं थकलेलं नाही त्यांचं भाडं घेणंच बंद केलं. बेबीताई दोन महिने पदरात पैसे बांधून त्यांच्या दारात जातात, मुनीम म्हणतो मालक पूजेत आहेत. आता त्यांचंही थकलं असं धरलं आहे. मायलेकी सकाळपासून सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात. त्या भाड्यासाठीच वळतात, आणि भाडं घ्यायला कोणी नाही.

त्यावर कडी म्हणजे भय्यासाहेबांनी सांगितलं आहे की अंगणातली सगळी कवाडं यंदा त्यांच्या होळीत जातील. तुम्हाला ठाऊक आहे, होळीवर टाकलेलं लाकूड कोणी परत घेत नाही. चोरून टाकलेलं असलं तरी नाही. ज्याचं कवाड होळीत गेलं त्याची खोली गेली. लाठी नको, कोर्ट नको, देवाच्याच हाताने काम.

तुमचे दादा बदलले असं मी म्हणणार नव्हते. बायको असं म्हणते तेव्हा लोक बायकोतच खोट काढतात. पण ऐका. आधी ते मारून आले की गप्प बसायचे, आंघोळ करायचे. आता सांगतात. कोण कसा पडला, कोणी पाय धरले, हे जेवताना सांगतात आणि हसतात. मी हसले नाही तर ताट माझ्या अंगावर येतं. पाठीवर मला झोपता येत नाही. मी हे माझ्या आईलाही लिहिलेलं नाही, तुम्हाला लिहिते, कारण हे तुमच्या एका वारानं सुरू झालं. मला तुमचा राग अजून तेवढाच आहे.

काल भय्यासाहेबांनी बेबीताईंचं कवाड होळीच्या आत काढायला सांगितलं. मी म्हटलं, "त्या दोघींनी काय केलं तुमचं? तिचं भाडं तर कधी थकलं नाही." हे म्हणाले, "काय केलं? या हाताकडे पाह्य अन् मग विचार. त्या पोरीपायी गेला हा. तिचं कवाड मी एकटा काढीन. कोणाले हात लावू देणार नाही."

इंदूला सांगितलं, मामाकडे बरगीला जा. ती म्हणाली, "वहिनी, आम्ही भाडं भरतो. काहून जावं आम्ही?" याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच येऊन द्या.

होळीच्या आत या.

सत्यभामा

जबलपूर, १९ मार्च १९३९

भाऊजी,

तुम्ही आला नाहीत. पत्र उशिरा मिळालं असेल, रजा मिळाली नसेल, भीती वाटली असेल. यातलं काय ते मी ठरवत बसत नाही, कारण मला आता दुसऱ्याबद्दल ठरवायचा तोरा राहिलेला नाही. घडलं तसं सांगते.

होळीच्या दिवशी सकाळी मी उखळात तांदूळ कांडत होते. हे पहार घेऊन निघाले. मागचे चौघे अंगणाच्या तोंडाशी थांबले, यांनीच त्यांना तिथं थांबवलं. बेबीताई पाण्याला गेल्या होत्या. इंदू आत एकटी होती. तिनं कडी लावली. यांनी कवाडाखाली पहार घालून डाव्या खांद्याने रेटा दिला तशी कडी तुटली आणि फळी एका बाजूने उचलली गेली. तेव्हा तिनं आतून दोन्ही हातांनी कवाड धरलं. कवाड आणि चौकट यांच्या फटीतून तिची बोटं बाहेर आली. तंबाखूनं पिवळी झालेली बोटं. त्या बोटांवर ते घर चालतं.

हे म्हणाले, "हात काढ."

ती म्हणाली, "नाही काढत. दादा, आमचं भाडं बाकी नाही."

"हात काढ, नाही तर बोटं जातील. मग बघू कोण बिड्या वळते अन् कोण भाडं भरते."

बाडा सगळा बाहेर येऊन उभा होता. शालिग्रामही होता, तोंडाला फडकं लावून. कोणी पुढं आलं नाही. पुढं येणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. इंदूनं बोटं काढली नाहीत. यांनी पहार खालून ओढली आणि वर उचलली. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. ते घाबरवत नव्हते, भाऊजी. मी इतकी वर्षं त्यांना घण उचलताना पाहिलं आहे. घाव खाली येणार असला की त्यांची मान किंचित डावीकडे कलते. ती कलली.

माझ्या हातात मुसळ होतं. मी धावले आणि त्यांच्या डाव्या कोपरावर मारलं. सगळ्या अंगाचा जोर घालून मारलं. आवाज तोच आला, दसऱ्याचा. पहार दगडावर पडली. ते वळले आणि माझ्याकडे असे पाहत राहिले की मारणारी मी आहे हे त्यांना दिसतच नव्हतं. खरं सांगायचं तर मी तिथं थांबले नाही. ते कोपर धरून ओणवे झाले तरी मी आणखी एकदा मुसळ उचललं. ते पाठीवर बसलं. माझी पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा इंदूनं मागून येऊन माझी कंबर धरली. "वहिनी, बस. पडले ते. बस." ज्या पोरीची बोटं वाचवायला मी गेले, तिनं त्या बोटांनी त्यांचा जीव वाचवला.

तुम्ही सलामी झाल्यावर मारलंत म्हणून मी चार महिने तुम्हाला बोल लावले. मी तर सलामी न देताच मारलं, पाठमोऱ्या माणसाला.

मागचे चौघे आत येऊ लागले. तेव्हा शालिग्रामनं ती पडलेली पहार उचलली. मग बाकीच्यांनी जे हाताला लागेल ते उचललं. चौघांपैकी दोघे पळाले, दोघांना पळू दिलं नाही. त्यातल्या एकाचा कान फाटला, दुसऱ्याला उचलून न्यावं लागलं. मी कोणाला थांबवलं नाही.

तिथून बायका सरळ भय्यासाहेबांच्या अंगणात गेल्या. होळी रचून झाली होती, कवाडं एकावर एक उभी केली होती, पूजेचं ताट तयार होतं. भय्यासाहेब ओरडले, "होळीतलं लाकूड काढू नका, सत्यानाश होईल." गलका ऐकून अर्ध्या वाटेवरून परतलेल्या बेबीताई म्हणाल्या, "झालाच आहे मालक, आणखी किती होणार?" मुनीम आडवा आला त्याला त्यांनी रिकाम्या घागरीनं हाणलं. प्रत्येकीनं आपापलं कवाड ओळखलं. कोणाच्या कवाडावर स्वस्तिक, कोणाच्या नाल, कोणाचं उंदरानं कुरतडलेलं. डोक्यावर घेऊन त्या रस्त्यानं निघाल्या आणि कोणीतरी बोंब मारली. होळीला बोंब पुरुष मारतात. यंदा बायकांनी मारली, फुहाऱ्याच्या चौकापर्यंत ऐकू गेली म्हणतात. मी त्यात नव्हते. मी इकडे यांच्या डोक्याखाली मांडी देऊन बसले होते. मग उठून त्यांची लाठी तेवढी नेली आणि होळीवर ठेवली. ती आता कोणी परत मागणार नाही.

ठाणेदार पुन्हा आला. भय्यासाहेबांनी माझं नाव दिलं होतं. डावा हात कामट्यांत बांधलेला तुमचा भाऊ भिंतीला टेकून बसला होता. ठाणेदारानं विचारलं, "किसने मारा?" मी सांगायला तोंड उघडलं. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "होली की लकड़ी उठा रहा था साहब, गिर गया. किसी का कसूर नहीं." ठाणेदार गेला. मी पदर तोंडात घालून रडले. मला त्यांचा राग आहे, त्यांच्याबद्दल माया आहे, आणि मला माझ्या हाताची भीती वाटते. तिन्ही खरं आहे.

अधिवेशन झालं, पाहुणे गेले. खोल्या भरलेल्याच राहिल्या, तेव्हा भय्यासाहेबांची पूजा संपली आणि मुनीम डोक्याला पट्टी बांधून भाडं घ्यायला आला. आमची माफी अर्थात रद्द झाली. मी बेबीताईंच्या शेजारी सूप घेऊन बसते. माझ्या बिड्या अजून पोकळ होतात, इंदू अर्ध्या उसवून पुन्हा वळते. मी यांना भरवते, आंघोळ घालते. चार दिवस ते घास तोंडात धरून बसायचे, गिळायचे नाहीत. काल इंदू ताक घेऊन आली. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण ती गेल्यावर म्हणाले, "दिवाकरले लिहून राहिली का तू?"

म्हटलं, लिहून राहिली.

"लोहारशाळेत मालकाले घण मारणारा मिळाला नाही अजून. त्याले म्हण, घण जड आहे. आधी पाय रोवायचे, मग उचलायचा."

एवढंच बोलले. पुढचं मी बोलते. उजवा हात तुम्ही मोडलात, डावा मी मोडला. डाव्याचं भाडं मी बिड्या वळून भरते आहे. उजव्याचं तुमच्याकडे बाकी आहे. ते पैशांत पाठवू नका. हात घेऊन या.

तुमची वहिनी
सत्यभामा